सांगड : भीमेच्या काठावरून ब्राझीलच्या समुद्रात

‘परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड’ हा शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत दर आठवड्याला कुठे ना कुठे भेटतो. नोकरी आणि संसार यांची सांगड घातली जाते, सिद्धांत आणि व्यवहार यांची घातली जाते, अंदाजपत्रकात तर उत्पन्न आणि खर्च यांचीही. सांगड ही वस्तू नेमकी कशी असते, हे शब्द वापरणाऱ्याला बहुधा ठाऊक नसते आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. पण हा शब्द मुळात पाण्यावरचा आहे. इतकेच नव्हे, तर इंग्रजी कोशांत मासेमारीच्या एका नावेचे नाव म्हणून हाच शब्द वेष बदलून बसलेला आहे, आणि तिथे त्याचा पत्ता ब्राझीलचा दिलेला आहे.

हा प्रवास कसा घडला ते पाहण्यापूर्वी सांगड समजून घ्यायला हवी, आणि त्यासाठी भीमेच्या काठावर जायला हवे.

पुणे–सोलापूर महामार्गाने भिगवण ओलांडले की इंदापूर तालुक्यातील डाळज लागते. क्रमांक एक, दोन आणि तीन अशी या नावाची तीन गावे आहेत. उत्तरेला उजनी धरणाचा फुगवटा पसरलेला आहे आणि पलीकडच्या काठावर सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका. आज हे पाणी समुद्रासारखे दिसते. परंतु १९८० साली धरण पूर्ण होण्यापूर्वी इथे होती ती केवळ भीमा नदी, आणि या नदीचा स्वभाव विचित्र होता. इंदापूर हा पर्जन्यछायेतला, दुष्काळाशी जन्माची ओळख असलेला मुलूख. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडता यावी इतकी आटत असे. पावसाळ्यात मात्र इंदापूरच्या आकाशात ढगही नसताना सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळलेले पाणी येऊन ती दुथडी भरून वाहू लागे. वर्षातले आठ महिने जिची गरज नाही आणि उरलेले चार महिने जिच्यावाचून चालत नाही, अशी नाव बाळगणे गरीब गावाला परवडत नसे. त्यामुळे दख्खनच्या नद्यांकाठी माणसांनी जो उपाय काढला तो परसातल्या वेलावर लोंबत होता.

मोठे भोपळे वाळवायचे, दोन भोपळे दोरीने एकमेकांना जखडायचे, मधल्या दोरीवर छाती टेकायची आणि पाय मारत पैलतीर गाठायचा. ही सर्वांत साधी सांगड. पाच लिटर आकारमानाचा पोकळ भोपळा सुमारे पाच किलो भार तोलतो, आणि पाण्यात असलेल्या माणसाला डोके वर ठेवण्यासाठी एवढा आधार पुष्कळ होतो. यात खरी युक्ती भोपळ्याची नसून जोडीची आहे. एकटा भोपळा पाण्यात गरगर फिरतो, हातातून निसटतो. दुसऱ्याला बांधला की दोघेही स्थिर होतात. हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर केली की दुसऱ्या प्रकारची सांगड तयार होते : खोडातून कोरलेल्या दोन अरुंद होड्या शेजारी शेजारी बांधून वर फळ्या टाकलेली. एकेकटी होडी कुशीवर वळण्याची भीती असते, पण जोडलेल्या होड्यांवरून धान्याची पोती, जनावरे आणि वऱ्हाडेदेखील पार होत.

जेम्स मोल्सवर्थ यांच्या मराठी–इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत सांगडीचे हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत : दोन होड्या बांधून केलेला तराफा, आणि तरंगण्यासाठी एकत्र बांधलेले दोन भोपळे. वाक्प्रचाराचा अर्थ या वस्तूतूनच निघाला. मात्र वाक्प्रचाराने एक गोष्ट गमावली. भीमेत सांगड घालणाऱ्याला ती सैल बसली तर काय होईल, हे माहीत असे.

शब्दाचे मूळ संस्कृत ‘संघाट’ म्हणजे जोडणी, सांधणी. ‘घट्’ या धातूला ‘सम्’ हा उपसर्ग लागून झालेले हे कुटुंब मोठे गमतीचे आहे. घराचा किंवा देहाचा ‘सांगाडा’ यातलाच, कारण तोही तुकडे जोडून उभा राहतो. बौद्ध भिक्षूंचे तुकडे शिवून केलेले बाह्यवस्त्र ‘संघाटी’ हे याच घरातले. आणि ‘संघटना’ हा आजच्या सभा-मोर्चांतला शब्दही त्याच धातूचा. सांगड आणि संघटना या दोघी बहिणी आहेत, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ज्यूल ब्लोक यांनी मराठी भाषेच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. मराठीच्या ऐतिहासिक अभ्यासात आजही तो पहिल्या पंक्तीत बसतो. त्यात ब्लोक यांनी मराठी ‘सांगड’ या शब्दाची तुलना सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक शब्दाशी केली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, अज्ञात लेखकाचे, व्यापाऱ्यांसाठीचे मार्गदर्शक पुस्तक. सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर यांच्या उल्लेखांमुळे महाराष्ट्राच्या इतिहासाचे वाचक ते ओळखतात. त्याच पुस्तकात भारताच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदरांचे वर्णन करताना लेखक सांगतो की तिथे एकसंध खोडांच्या मोठमोठ्या होड्या एकमेकींना बांधून केलेली जहाजे आहेत आणि त्यांना ‘संगारा’ म्हणतात.

एखाद्या ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने बंदरावर उभे राहून ‘याला काय म्हणता?’ असे विचारले असावे आणि कुणा नावाड्याने उत्तर दिले असावे. त्या नावाड्याचे नाव उरले नाही, त्याचा शब्द उरला. पेरिप्लसमधील भारतीय शब्द बहुतांशी राजांचे, बंदरांचे किंवा विक्रीच्या मालाचे आहेत. कष्टकऱ्याच्या अवजाराचे नाव असे क्वचितच सापडते, म्हणून या एका शब्दाचे मोल अधिक.

सांगड केवळ मराठी मुलखाची नव्हती. तमिळ भाषेत ‘संगडम’, मल्याळममध्ये ‘चंगाडम’, तुळू भाषेत ‘जंगल’ अशी तिची रूपे आढळतात आणि अर्थ जवळजवळ तोच, जोडहोडी किंवा तराफा. मलबारच्या खाड्या आणि नद्या ओलांडायला हेच साधन होते. पोर्तुगीज तिथे पोचले तेव्हा त्यांनी ते पाहिले, वापरले आणि त्याचे नाव आपल्या जिभेला वळवून घेतले : ‘जंगाडा’.

इथून कथेला जे वळण लागते ते एखाद्या कादंबरीकाराने योजले असते तर वाचकांनी अतिशयोक्ती म्हणून सोडून दिले असते.

वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला आला. त्याच्या मागोमाग १५०० साली पेद्रू आल्व्हारिश काब्राल याच्या नेतृत्वाखाली तेरा जहाजांचा ताफा भारताकडे निघाला. अटलांटिक महासागरात पश्चिमेला बरेच सरकल्यामुळे २२ एप्रिल रोजी त्यांना एक अनोळखी किनारा दिसला. तो ब्राझील. ताफ्याबरोबर पेरू व्हाझ द कामिन्या नावाचा लेखनिक होता. त्याने १ मे १५०० रोजी पोर्तुगालच्या राजाला एक दीर्घ पत्र लिहिले. ब्राझीलचा इतिहास या पत्रापासून लिहिण्याची तिथे रीत आहे. स्थानिक लोकांच्या नावांविषयी कामिन्या लिहितो, त्याचा आशय असा की आजवर पाहिलेल्या नावांसारख्या या नाहीत, ही नुसती तीन लाकडे एकत्र बांधलेली आहेत. त्यांच्यासाठी वेगळा शब्द त्याच्यापाशी नव्हता. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील डोणग्यांसाठी पोर्तुगीज जो अरबी शब्द वापरीत, तोच ‘अल्मादिया’ त्याने तिथे चिकटवला आणि लगेच खुलासाही केला की या तशा नाहीत.

पत्र पोर्तुगालला रवाना झाले आणि ताफा पुढे कालिकतकडे निघाला. सप्टेंबरमध्ये ते पोचले. तिथे व्यापाराच्या वादातून डिसेंबर महिन्यात पोर्तुगीजांच्या वखारीवर हल्ला झाला. त्यात मारल्या गेलेल्या पन्नासहून अधिक माणसांत कामिन्या होता असे इतिहासकार मानतात. ब्राझीलच्या तीन बांधलेल्या लाकडांसाठी ज्याला शब्द सापडला नाही, त्याचा अंत अशा किनाऱ्यावर झाला जिथे तो शब्द रोज उच्चारला जात होता.

शब्दाला तिकडे नेले ते त्याच्या मागून गेलेल्यांनी. लिस्बन, गोवा, मलबार आणि ब्राझील यांच्या दरम्यान शतकभर जहाजे फिरत राहिली, आणि त्यांवरच्या माणसांनी भारतात शिकलेले नाव ब्राझीलमधील तराफ्याला देऊन टाकले. तिथल्या लोकांचे स्वतःचे शब्द होते. जां द लेरी या फ्रेंच प्रवाशाने १५७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात मासेमारीच्या अशा तराफ्यांना ‘पिपेरी’ म्हणत असल्याचे नोंदले आहे. मूळ नाव पुसले गेले आणि दूर देशाहून आयात केलेले नाव रुजले. वसाहतींच्या इतिहासात असे वारंवार घडते. एरवी युरोपीय नाव स्थानिक नावाला झाकते, इथे मात्र झाकण भारतीय होते, हाच काय तो फरक. संस्कृतमधून दक्षिणेकडे गेलेल्या शब्दाने आपण होऊन कुणावर आक्रमण केले नाही, हे खरे. पण तुपी भाषेतल्या शब्दाच्या दृष्टीने त्याने काही बिघडत-सुधारत नाही.

ब्राझीलच्या ईशान्य किनाऱ्यावरचा जंगाडा म्हणजे पिऊबा नावाच्या अत्यंत हलक्या लाकडाचे साधारण सहा ओंडके. त्यांना खिळे नसत, कठीण लाकडाच्या मेखा ओंडक्यांतून आरपार ठोकलेल्या असत. युरोपीय लोक आल्यानंतर त्यावर त्रिकोणी शीड चढले. ओंडक्यांच्या फटींतून पाणी सतत वर येते, त्यामुळे यावरचा कोळी दिवसभर ओलाच. पण वर आलेले पाणी तसेच खाली जाते, म्हणून बुडण्याजोगे पोटच या नावेला नाही. शीड कोरडे झाले की वारा नीट धरत नाही, म्हणून फळाच्या कवटीच्या पात्राने त्यावर पाणी मारीत राहायचे. एवढ्या साधनानिशी हे कोळी किनारा दिसेनासा होईपर्यंत आत जात.

१८०९ मध्ये पेर्नांबुकोला पोचलेल्या हेन्री कोस्टर या इंग्रजाने आपल्या जहाजावरून हे तराफे प्रथम पाहिले तेव्हा सर्वांना मोठे नवल वाटले. त्याचे प्रवासवर्णन १८१६ मध्ये लंडनमध्ये छापले गेले आणि इंग्रजी वाचकांना ‘जंगाडा’ भेटला. इंग्रजी कोशांत आज तो ब्राझिलियन कोळ्यांचा शिडाचा तराफा म्हणून आहे. व्युत्पत्तीच्या ओळीत पोर्तुगीज, मग मल्याळम, मग संस्कृत अशा पायऱ्या असतात. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या प्रसिद्ध अँग्लो-इंडियन कोशात हाच शब्द ‘जंगार’ या रूपाने घेतला आणि तिथेही पेरिप्लसमधील ‘संगारा’चा दाखला दिला.

जाता जाता एक गंमत. इंग्रजीतला ‘कॅटमरॅन’ हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’ म्हणजे ‘बांधलेली लाकडे’. विल्यम डॅम्पियर याने १६९७ च्या आपल्या प्रवासग्रंथात तो वापरला. आज कॅटमरॅन म्हटले की दोन नौका शेजारी जोडलेले आधुनिक जहाज डोळ्यांपुढे येते. म्हणजे जोडहोडीचे नाव असलेली ‘सांगड’ ब्राझीलमध्ये जाऊन बांधलेल्या ओंडक्यांची झाली, आणि बांधलेल्या ओंडक्यांचे नाव असलेला ‘कट्टुमरम’ जगभर जाऊन जोडहोडीचा झाला. दोन शब्दांनी परदेशात एकमेकांची घरे बदलली.

आता शब्दाकडून माणसांकडे.

१८७६ ते १८७८ हा काळ दख्खनच्या लोकस्मृतीत मोठ्या दुष्काळाचा. पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांचा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे इंदापूरसह भीमेचे हे खोरे, त्यात होरपळले. पॅसिफिक महासागरातील एल निनो या उष्ण प्रवाहाच्या ज्या तीव्र आवर्तनाने इकडचा मान्सून हुकला, त्याच आवर्तनाने ब्राझीलच्या ईशान्येतील सेआरा प्रांतात १८७७ ते १८७९ असा भीषण अवर्षणाचा काळ आणला. माइक डेव्हिस या इतिहासकाराने २००१ मधल्या आपल्या ग्रंथात हे दोन्ही दुष्काळ एकाच धाग्यात मांडले आहेत. डाळजच्या परिसरातला शेतकरी आणि सेआराचा कोळी यांना एकमेकांच्या अस्तित्वाची कल्पना नव्हती, पण एकाच आपत्तीने दोघांना एकाच वेळी गाठले होते.

ब्राझीलमध्ये तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. दुष्काळाने कंगाल झालेल्या सेआरातील मालकांनी आपल्याकडील गुलाम दक्षिणेच्या कॉफीच्या मळ्यांना विकायला काढले. माणसे जहाजाने पाठवली जात. पण सेआराची राजधानी फोर्तालेझा इथे खोल पाण्याचे बंदर नव्हते. जहाजे दूर नांगर टाकून उभी राहत आणि माल असो वा माणूस, किनाऱ्यापासून जहाजापर्यंत नेण्याचे काम जंगाड्यांचेच होते. सारा व्यापार शेवटी सहा ओंडक्यांच्या तराफ्यावर येऊन टेकत होता.

जानेवारी १८८१ मध्ये फोर्तालेझाच्या तराफेवाल्यांनी गुलामांना जहाजावर नेण्यास नकार दिला. सेआराच्या बंदरातून यापुढे गुलाम चढणार नाहीत, ही त्यांची घोषणा. त्यांच्या पुढाऱ्यांत जोझे लुईस नापोलियाऊं हा एकेकाळचा गुलाम होता आणि फ्रांसिस्कू जोझे दो नासिमेंतू हा बंदरातील वाटाड्या होता. नासिमेंतूचा जन्म १८३९ चा, घर कोळ्याचे, वर्ण मिश्र. या नकाराची किंमत म्हणून त्याची बंदरातली नोकरी गेली. पण माणसे जहाजावर चढली नाहीत. व्यापारी पैसा देऊ शकत होते, अधिकारी हुकूम देऊ शकत होते. किनाऱ्यापासून जहाजापर्यंतचे ते थोडके पाणी मात्र दोघांनाही ओलांडता येत नव्हते.

सेआराने २५ मार्च १८८४ रोजी गुलामगिरी संपुष्टात आणली. संपूर्ण ब्राझीलने तो कायदा १३ मे १८८८ रोजी, म्हणजे चार वर्षांनी केला. नासिमेंतू १८८४ मध्ये आपला तराफा जहाजावर घालून रिओ द जानेरोला घेऊन गेला आणि लोकांनी त्याची मिरवणूक काढली. त्या तराफ्याचे नाव ‘लिबेरदादे’, स्वातंत्र्य. नासिमेंतूला लोक ‘द्रागाऊं दो मार’, समुद्राचा ड्रॅगन, म्हणू लागले. आज फोर्तालेझातील मोठे सांस्कृतिक केंद्र त्याच नावाने ओळखले जाते.

योगायोग असा की त्याच १८८१ साली ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाची ‘ला जंगाडा’ ही कादंबरी आली. तिच्यात ॲमेझॉन नदीवरून गावाएवढा प्रचंड तराफा वाहत जातो. जगाने त्या वर्षी ‘जंगाडा’ हा शब्द वाचला तो व्हर्नमुळे. फोर्तालेझाच्या किनाऱ्यावर त्याच सुमारास काय घडले, ते पुष्कळांना पुष्कळ उशिरा कळले. साहसकथा संपापेक्षा वेगाने प्रवास करते.

साठ वर्षांनी पुन्हा तोच किनारा. गुलामगिरी गेली होती, पण कोळ्याच्या मालकीचा तराफा नसे. तराफ्याच्या मालकाला पकडलेल्या माशांचा अर्धा वाटा द्यावा लागे. म्हातारपणाची, अपघाताची, विधवेची कसलीही तरतूद नव्हती. सप्टेंबर १९४१ मध्ये मानोएल ओलिंपियू मेइरा, लोकांत ‘जाकारे’ म्हणजे मगर या नावाने परिचित, आणि त्याचे तीन साथी ‘साऊं पेद्रू’ नावाच्या जंगाड्यावरून फोर्तालेझाहून निघाले. होकायंत्राविना, किनाऱ्याच्या खुणा आणि तारे पाहत, ६१ दिवसांनी ते रिओला पोचले. तिथे त्यांनी राष्ट्राध्यक्ष जेतुलिओ व्हार्गास यांच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडले. कोळ्यांना दर्यावर्दी कामगारांच्या निवृत्तिवेतन योजनेत सामावून घेण्याचा निर्णय झाला. अर्ज टपालाने पाठवता आला असता. पण टपालाने आलेले अर्ज कुठे जातात, हे त्या चौघांना माहीत असावे.

ही बातमी अमेरिकन साप्ताहिकात वाचून चित्रपट-दिग्दर्शक ऑर्सन वेल्स १९४२ मध्ये ब्राझीलला आला आणि त्याच चौघांना घेऊन त्या प्रवासाचे चित्रण करू लागला. १९ मे १९४२ रोजी रिओच्या किनाऱ्याजवळ चित्रीकरणाच्या वेळी लाटेने तराफा उलटला. तिघे वाचले. जाकारे सापडला नाही. ज्याने उघड्या समुद्रावर ६१ दिवस काढले, तो कॅमेऱ्यापुढे, किनारा दिसत असताना गेला. वेल्सचा चित्रपट अपुरा राहिला. उरलेली दृश्ये जोडून १९९३ मध्ये ‘इट्स ऑल ट्रू’ या नावाचा माहितीपट प्रदर्शित झाला.

‘संघटना’ आणि ‘सांगड’ एका धातूच्या, हे वर आलेच आहे. फोर्तालेझाच्या कोळ्यांना संस्कृत ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्या धातूचे दोन्ही अर्थ वापरले, एवढेच.

आणि भीमा? १९८० नंतर डाळजच्या उत्तरेला नदी उरली नाही, जलाशय आला. यशवंतसागर हे त्याचे अधिकृत नाव, क्षमता सुमारे ११७ टीएमसी. काठावरची गावे उठली. पळसदेवचे प्राचीन पळसनाथ मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी खूप आटले की ते पुन्हा वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात धरणाचा साठा उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला होता. आठ महिने कोरड्या राहणाऱ्या नदीच्या जागी बारमाही पाणी आल्यावर दोन भोपळ्यांचे काम संपले. त्या रुंदीपुढे सांगड टिकणारीही नव्हती. तिच्या जागी लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या होड्या आल्या आणि भोई समाजातील कुटुंबांसाठी मासेमारी हा वर्षभराचा व्यवसाय झाला.

या होड्यांतून भिगवणच्या बाजारात जो मासा सर्वांत जास्त येतो त्याला इकडे ‘चिलापी’ म्हणतात. तो अस्सल मराठी शब्द वाटतो. तो ‘तिलापिया’ आहे, आणि तिलापिया हे नाव अँड्र्यू स्मिथ या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील त्स्वाना भाषेच्या ‘त्लापी’ या शब्दावरून घडवले. अर्थ फक्त ‘मासा’. इथला शब्द ब्राझीलला गेला, तिथे कोळ्यांचा झाला. आफ्रिकेचा शब्द भीमेवर आला, इथे कोळ्यांचा झाला. हिशेब बरोबरीत सुटला म्हणायला हरकत नाही.

सांगडीचे दुसरे एक परतणे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कोकणात दाभोळ–धोपावे किंवा दिघी–आगरदांडा अशा खाड्यांवर वाहने पार करणाऱ्या सपाट बोटींना लोक ‘जंगल जेटी’ म्हणतात. पर्यटक आजूबाजूला जंगल शोधतात. केरळमध्ये अशाच बोटीला ‘जंगार’ म्हणतात आणि जोडहोडीला तुळू भाषेत ‘जंगल’ असाच शब्द आहे, हे ध्यानात घेतले तर कोकणातले ‘जंगल’ म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने परत आलेली सांगडच असावी, असे मानायला चांगली जागा आहे.

उजनीवर अशी जंगल जेटी नाही. करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीला येण्यासाठी रस्त्याने मोठा वळसा पडतो, म्हणून लोक बोटीने येत असत. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात अशी एक बोट उलटली आणि सहा जण बुडाले. एक जण पोहत काठाला लागला. कुगाव आणि शिरसोडी यांच्या दरम्यान या पाण्यावर पूल मंजूर झालेला आहे.